गिटारला भोक पाडलं तेव्हा

आमच्या सावद्याच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची गरज फारशी कुणाला पडत नसे. अक्काचा आवाज घराच्या कुठल्या बाजूनं येतोय यावरून वेळ कळायची. मागल्या दारी बंबाजवळ ती गुणगुणत असली की समजायचं, उजाडलंय. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा धप धप आवाज आणि त्यावर तिचं गाणं सुरू झालं की आबा मळ्यातून यायची वेळ झालेली असायची. अक्का म्हणजे आमची आई. सगळी गल्ली तिला अक्का म्हणे, म्हणून मी आणि माझी थोरली बहीण रेखा, आम्हीही अक्काच म्हणायला शिकलो. आबांचा केळीचा व्यवहार होता. अंगणाच्या पलीकडे मोकळ्या जागेत ट्रक उभे राहायचे, केळीची हिरवी पानं अंथरून त्यावर घड रचले जायचे, आणि घरातल्या प्रत्येकाच्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग असायचे. ते डाग कधीच जात नाहीत. ट्रकचं इंजिन सुरू असतानासुद्धा अक्का ओट्यावरून हाक मारी आणि ती ड्रायव्हरला ऐकू जाई. लग्नसराईत तिला हळदीची गाणी म्हणायला फैजपूरपासून रावेरपर्यंत बोलावणी यायची. माइकबिइक काही नाही. मांडवाच्या मधोमध मांडी घालून बसायची, पदर सारखा करायची आणि सुरू करायची. मांडवाबाहेर उभे असलेले पुरुष बोलायचे थांबत.

मला गाता येत नव्हतं. सूर कळायचा, पण गळ्यातून निघायचा नाही. म्हणून असेल, मी वाद्याकडे वळले. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब होते, मूळचे गोव्याकडचे, ते रेल्वे क्वार्टरमागच्या घरात गिटार शिकवायचे. जळगावला कॉलेजला जाता-येता मी भुसावळला उतरायची. मुलीनं गिटार शिकावी हे आबांना विचित्र वाटलं असणार, पण त्यांनी एवढंच विचारलं, "जेवायच्या येळेले घरी येशील ना?" हे सर आपल्या मुलीकडे कायमचे राहायला गेले तेव्हा त्यांनी आपली गिटार माझ्या हवाली केली. मधाच्या रंगाची, बोटांनी घासून घासून एका बाजूला फिकट झालेली. जाताना त्यांनी तिच्या पाठीवर दोनदा हलकेच थोपटलं, घरच्या जनावराला थोपटतात तसं, आणि मागे न बघता रिक्षात बसले. अक्कानं जुन्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडातून तिला एक जाड खोळ शिवून दिली. आज माझ्याकडे शिकायला येणारी मुलं चकचकीत पेट्या पाठीवर लावून येतात. माझी ती खोळ बघून त्यांना हसू येतं.

मग अक्काच्या गळ्याला गाठ आली. आधी ती पदराखाली लपवत होती. रेखानं एक दिवस तिचे केस विंचरताना पाहिली आणि आबांना सांगितलं. जळगावला डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन करायचं ठरवलं. त्यांनी आम्हाला समोर बसवून नीट समजावलं, की गाठ काढावी लागेल आणि आवाजाची नस अगदी तिथूनच जाते, जपून करू, पण आवाज पहिल्यासारखा राहील असा शब्द देता येणार नाही.  घरी येताना बसमध्ये अक्का सबंध रस्ताभर गात होती, अगदी हळू, खिडकीकडे तोंड करून. ऑपरेशन झालं आणि गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो, कारण आबा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले होते आणि मग उठून आम्हा सगळ्यांसाठी उसाचा रस घेऊन आले होते. अक्का वाचली होती. तिचा आवाज मात्र गेला होता.

अगदी गेला असं नाही. कुजबुजल्यासारखा, कागद घासल्यासारखा निघायचा. घर किती बोलकं होतं ते तेव्हा कळलं. ती पळीनं पातेल्यावर टकटक करायची आणि आम्ही धावायचो. गल्लीतल्या बायका भेटायला यायच्या, मोठ्यानं बोलायच्या, जणू तिला ऐकूच येत नाही. काही महिन्यांनी आवाज थोडा थोडा परत यायला लागला, पण तो खालच्या पट्टीतला होता, बारीक, आणि वर चढायला गेला की तुटायचा. भजनी मंडळातल्या बायकांनी तिला आग्रहानं नेलं. पेटी सुरू झाली, झांजा सुरू झाल्या, अक्कानं तोंड उघडलं आणि तिचा आवाज कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. घरी येऊन म्हणाली, "आता मी टाळ्या वाजवत जाईन." त्यानंतर ती गेलीच नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस आम्ही मागल्या अंगणात भरताची वांगी भाजत होतो. हिरवी, लांबोडकी वांगी कापसाच्या काड्यांच्या जाळावर, वर तो खमंग धूर. रेखा खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. मी बाजेवर बसून उगाच तारा छेडत होते. खालचा एक सूर मी परत परत वाजवत होते, आणि मला जाणवलं की कुणीतरी त्यात सूर मिसळतंय. अक्का वांगं उलटता उलटता गात होती. जुनं जात्यावरचं काहीतरी. मी मान वर केली नाही. केली असती तर ती थांबली असती. मी फक्त सूर आणखी खाली घेतला आणि ती त्याच्याबरोबर खाली आली. मिरच्या कुटायचा आवाज थांबला होता. वांगी जरा जास्तच करपली त्या दिवशी. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर आम्ही ती तशीच खाल्ली आणि कुणीही गाण्याचा विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का स्वतःच येऊन बाजेवर बसली आणि म्हणाली, "ते कालचं लाव."

रेखाचं लग्न दोंडाईच्याला ठरलं. लग्न मुलाकडेच होतं आणि हळदही आदल्या दिवशी तिकडेच. रेखानं एकच हट्ट धरला, "हळदीला अक्का गाईल. दुसरी कुणी नाही." अक्कानं आधी नाही म्हटलं, मग म्हणाली, निमाची गिटार बरोबर असेल तर दोन गाणी म्हणेन. माझं नाव निमा. मला आनंद झाला, पण अंगणात तीन माणसांपुढे वाजणारी गिटार मांडवातल्या गर्दीत कुणाला ऐकू जाणार? आम्ही आधी मुक्ताईनगरला चुलतबहिणीच्या बाळाच्या बारशाला करून बघायचं ठरवलं. तिथल्या माइकवाल्यानं एक माइक अक्कासमोर ठेवला, एक माझ्या गिटारच्या तोंडाशी. मी पहिला सूर लावला आणि भोंग्यांतून अशी काही कर्कश शिट्टी फुटली की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. त्यानं आवाज कमी केला, तर गिटार ऐकूच येईना. वाढवला, की पुन्हा शिट्टी. अक्कानं गाणं सुरू केलं होतं. गिटार ऐकू येत नाही म्हणून ती सवयीनं वर चढायला गेली, आवाज तुटला, आणि ती तशीच उठून आतल्या खोलीत गेली. मी आत गेले तेव्हा ती बाळाची दुपटी घडी करत होती. "मले नको सांगू पुन्हा," एवढंच म्हणाली.

दोष कुणाचाच नव्हता. गिटारच्या तोंडाशी माइक ठेवला की भोंग्यातून निघालेला आवाज पुन्हा त्याच माइकात शिरतो आणि गोल गोल फिरून शिट्टी होते, हे मला जळगावच्या एका ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या वादकानं सांगितलं. तो म्हणाला, माइकचा नाद सोड, गिटारमध्ये पिकअप बसव. म्हणजे गिटारचा आवाज हवेतून न घेता तारेतून किंवा लाकडातून सरळ उचलणारं छोटंसं यंत्र. आणि हे काम धुळ्याचे इक्बालभाई करतात, असंही तोच म्हणाला. आज माझे विद्यार्थी मोबाइलवर दहा तऱ्हेचे पिकअप ऐकून, एकमेकांशी तुलना करून मग माझ्याकडे येतात. मला तेव्हा तो शब्दही नवा होता.

अक्काला घेऊन जायचं मी ठरवलं होतं, पण तिला कसं सांगावं ते कळत नव्हतं. शेवटी आबाच बोलले. केळीच्या पानावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "पोरगी एकटी धुळ्याले जाईल का? तू जा संगं." अक्कानं त्यांच्याकडे रागानं पाहिलं आणि डबा भरायला घेतला. एसटीत मी गिटार मांडीवर उभी धरली होती. पारोळा गेल्यावर कंडक्टरनं विचारलं, "बाई, आत काय शे?" अक्का आपल्या नव्या, बसक्या आवाजात म्हणाली, "आमची धाकटी." कंडक्टर हसला. ऑपरेशननंतर तिनं परक्या माणसाशी केलेली ती पहिली थट्टा होती.

इक्बालभाईंचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या बाजूला होतं. लग्नाच्या मांडवांना स्पीकर पुरवायचे आणि उरलेल्या वेळात दुरुस्ती. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, बोलताना डावा हात सारखा कानामागे. दुकानभर उघडी खोकी, वायरी, सोल्डरिंगच्या तापलेल्या डाकाचा वास. त्यांनी आधी गिटार वाजवायला सांगितली, मग अक्काकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही गाणार? मग तुम्हीपण गा, अक्का. तुमच्या आवाजाशिवाय मला काय समजणार?" अक्कानं मान हलवली. नाही. त्यांनी आग्रह केला नाही.

त्यांनी तीन प्रकार समोर मांडले. पहिला चुंबकाचा, गिटारच्या गोल तोंडात आडवा अडकवायचा. काही कापायचं नाही, कधीही काढता येतो. दुसरी दोन रुपयांच्या नाण्यासारखी चकती, आतून लाकडाला चिकटवायची. तिसरी काडीइतकी बारीक पट्टी, तारा ज्या हाडाच्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात तिच्या खाली सरकवायची. "पण तिसऱ्याला," ते म्हणाले, "लाकडाला बारीक भोक पाडावं लागतं. आणि खाली, पट्टा अडकवतात तिथं, एक मोठं. ते परत बुजत नाही, ताई."

आम्ही पहिला लावून पाहिला. शिट्टी नाही, आवाज भरपूर. पण ती माझी गिटार नव्हती. सिनेमाच्या गाण्यात वाजते तशी गुळगुळीत, आणि एक-दोन तारा दबलेल्या. माझ्या तारा पितळी वेष्टनाच्या होत्या, त्या चुंबकाला पुरत्या पकडता येत नाहीत, असं इक्बालभाई म्हणाले. अक्का कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होती. "ही दुसऱ्याच्या घरची वाटती," ती म्हणाली. मग चकती. ती इक्बालभाईंनी मेणानं तात्पुरती चिकटवली, आणि मी वाजवलं. तंतोतंत अंगणातला आवाज. अक्कासुद्धा पुढे सरकली. पण इक्बालभाईंनी आवाज मांडवाएवढा वाढवला मात्र, गिटार आतून घुमायला लागली, आणि माझा हात लाकडाला नुसता लागला तरी भोंग्यातून धाडकन आवाज यायचा. "मोठ्या मांडवात ही धोका देणार," ते म्हणाले. अक्का पुन्हा मागे भिंतीला टेकली.

राहिली तिसरी. ती बसवल्याशिवाय ऐकता येत नव्हती आणि भोक पाडल्याशिवाय बसवता येत नव्हती. इक्बालभाईंनी दुकानातल्या दुसऱ्या एका गिटारमध्ये ती बसवलेली दाखवली. त्यांनी प्लास्टिकच्या पत्तीनं जोरात वाजवली तेव्हा आवाज टोचला, बदकाच्या ओरडण्यासारखा. माझा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "तुम्ही कशानं वाजवता?" मी बोटं दाखवली. "बोटांनी? मग वाजवा ना." मी बोटांनी हळू वाजवलं आणि तो टोचरेपणा गेला. स्वच्छ, जवळचा, जरा कोरडा आवाज. चकतीइतका सुंदर नव्हता. पण मोठा केला तरी तो जागचा हलत नव्हता. शिट्टी नाही, घुमणं नाही.

मी गिटार मांडीवर घेऊन बसून राहिले. सरांनी तिच्या पाठीवर थोपटलेलं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला ओरखडा येऊ दिला नव्हता आणि मी तिला भोक पाडायला निघाले होते. "तुमच्या हातून याआधी अशी गिटार झालीय का?" मी विचारलं. इक्बालभाई म्हणाले, "झूठ नाही बोलणार. इतकी चांगली गिटार हातात नाही आली. भीती मलापण वाटते." मी अक्काकडे पाहिलं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि गळ्यावरचा पदर बाजूला केला. तिथं आडवी, गुलाबी रेघ होती. ती रेघ तिनं परक्या माणसासमोर कधी उघडी केली नव्हती. "मलेबी कापलं ना," ती म्हणाली. "म्हणून तर मी बसली आहे इथं. पाडा हो भाऊ."

इक्बालभाईंनी तारा उतरवल्या. ड्रिल सुरू झालं तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. समोर एक माणूस हातगाडीवर शेंगा भाजत होता, त्याच्या कढईतल्या वाळूचा खरखर आवाज आणि आतला ड्रिलचा आवाज एकमेकांत मिसळत होते. अक्का आतच उभी होती, हातात टॉर्च धरून. तिनं मला हाक मारली तेव्हा काम झालेलं होतं आणि लाकडाचा बारीक भुसा तिच्या बांगड्यांवर पडला होता. तारा चढवून मी वाजवलं. चार तारा खणखणीत वाजल्या आणि पहिल्या दोन जवळजवळ मुक्या.  परत फिरायची वाट तर आता राहिली नव्हती.  इक्बालभाईंनी हाडाची पट्टी काढली, उजेडात डोळ्यासमोर धरली, आणि म्हणाले, "खालून सपाट नाही. एका बाजूला उचललीय, दाब पडत नाही." काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिशपेपर ठेवून ते ती घासायला लागले. घासायची, बसवायची, तारा चढवायच्या, ऐकायचं, पुन्हा उतरवायच्या. आम्ही आमचा डबा उघडला आणि त्यांनाही बसवलं. भाकरी आणि ठेचा खाताना त्यांची नजर त्या पट्टीवरच होती. जेवणानंतर त्यांनी पुन्हा पट्टी बसवली. मी एकेक तार वाजवत वर गेले. सहावी, पाचवी, चौथी, तिसरी. दुसरी वाजली. पहिली वाजली. सगळ्या सारख्या. इक्बालभाई नुसते "या अल्ला" म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही.

आणि मग अक्कानं स्वतःहून माइक ओढून घेतला. "लाव खालचा," ती म्हणाली. धुळ्याच्या त्या दुकानात, वायरींच्या ढिगाऱ्यात उभी राहून ती गायली. आवाज बारीकच होता, पण गिटारला आता त्याच्या वर जायची गरज नव्हती आणि त्याला गिटारच्या वर. शेंगावाला कढई हलवायची थांबवून बघत होता.

दोंडाईच्याच्या मांडवात दुपार कलल्यावर हळद लागली. इक्बालभाई स्वतः स्पीकर घेऊन आले होते, आणि अक्काच्या दोन्ही बाजूंना भोंगे न लावता त्यांनी ते पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवले होते. रेखा पाटावर, पिवळीधमक. मुलाकडच्या बायका अक्काला ओळखत नव्हत्या. त्या आपसांत बोलत होत्या, बांगड्या वाजत होत्या, पोरं धावत होती. अक्कानं पहिली ओळ घेतली. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर आवाज तुटला.  मुक्ताईनगरला ती अशाच जागी उठली होती. पण या वेळी गिटार तिच्या कानात होती, मांडवभर होती. मी खालचा सूर धरून ठेवला आणि ती शांतपणे खाली उतरून तीच ओळ पुन्हा म्हणाली. जणू ती तशीच म्हणायची असते. बायकांचं बोलणं हळूहळू थांबलं. तिनं दोन ठरवली होती, चार म्हटली. चौथ्या गाण्याला मुलाची आत्या ओरडली, "आखो एक म्हणा ना माय, भलता गोड गळा शे!" रेखा हळदीच्या हातांनी डोळे पुसत होती आणि तिच्या गालांवर पिवळे पट्टे उमटत होते.

आबा पुढे नव्हते. ते मांडवाच्या अगदी शेवटी, पाण्याच्या पिंपांपाशी, जिथं आचारी वरण-बट्टीच्या बट्ट्या तळत होते तिथं उभे होते. सगळं उरकल्यावर ते आमच्याकडे आले. अक्का अजून बसलेली होती, पाय अवघडलेले. तिनं वर पाहिलं.

"मागं ऐकू आलं का?" तिनं विचारलं.

"आलं."

"सगळं?"

आबांनी वाकून तिच्यासमोरचा माइक बाजूला केला. मग म्हणाले, "तू मधी श्वास घेते, तोबी आला."

 अक्कानं माझा हात धरला आणि ती उठली. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. ती सरळ पंगतीत जाऊन बसली, पुढ्यात पत्रावळ ओढली आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "बट्टी दोन वाढ, भाऊ. आणि तूप हात राखून नको."